अर्धा वर गेलेला हात

७ एप्रिल, मंगळवार

जिंकला टोळ! पहिली फेरी पार.

शेवटून दुसरा गुण मात्र नशिबाचा. चेंडू नेटच्या पट्टीला लागला, वर जरा थबकला आणि पलीकडे मेल्यासारखा पडला. समोरचा पोरगा धावला, पण कशाला! टोळने लगेच हात वर केला. तळवा समोर, मान किंचित खाली. माफ करा.

हा हात मला फार आवडतो. भाच्याच्या मागे गावोगाव हिंडायला लागल्यापासून टेनिसचं बाकी काही मला धड कळलं नसेल, गुण मोजताना अजून चुकतो — पण हे कळलं. नशिबाने मिळालं तर माफी मागायची! असा रिवाज दुसऱ्या कुठल्या खेळात असेल तर मला माहीत नाही. बाकीच्या जगात तर नशिबाने मिळालं की लोक पेढे वाटत हिंडतात.

टोळ सहा-सात वर्षांचा असताना अंगणात दोरी बांधून खेळायचा. लांब लांब तंगड्या, म्हणून मीच नाव ठेवलं टोळ. चेंडू दोरीला लागून माझ्या बाजूला पडला की मी म्हणायचो, हात वर कर. तो चिडायचा. "पण मी मुद्दाम नाही केलं, मामा!"

म्हणूनच, म्हणायचो मी. मुद्दाम केलं असतंस तर ते तुझं कसब. माफी कशाला?

आज त्याने हात वर केला तेव्हा माझा हातही मांडीवरून जरासा उचलला गेला. शेजारचा बघायला लागला.

८ एप्रिल, बुधवार

आज थोरले आले. इथे खेळणाऱ्या पोरांमध्ये वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून सगळेच त्यांना थोरले म्हणतात. पस्तिशी उलटली असेल. एके काळी मोठ्या मैदानांवर खेळलेत, आता आमच्यासारख्या लहान स्पर्धांत. बरोबर कोणी नाही, पिशवी स्वतःच वाहतात.

दारात उभे राहून म्हणाले, "मामा, तुमच्या हाताला गुण आहे म्हणतात. माझ्याकडे चोळायला माणूस नाही. जरा बघाल?"

आमचा प्रशिक्षक शिट्टी — गळ्यातली शिट्टी आंघोळीलाही काढत नसावा — तो हसला. "जा मामा, जा. पुण्य कमवा."

टोळला विचारलं. तोही म्हणाला, जा.

थोरल्यांना पालथं निजवलं. हात लावण्याआधी नेहमीसारखं देवाचं नाव घेतलं. वडिलांनी घातलेली सवय. ते गावातल्यांची मुरगळलेली हाडं बसवायचे आणि म्हणायचे, दुसऱ्याचं अंग म्हणजे दुसऱ्याचं घर, न विचारता आत जायचं नाही.

उजवा खांदा हातात धरला आणि कळलं. हात वर नेला, कानापर्यंत आला आणि थांबला. तिथे दार आहे आणि आतून कोणीतरी कडी घातली आहे. बाहेरून ढकलून उपयोग नाही.

"सर्व्हिस कशी करता हो?" मी विचारलं.

"कमरेतून वाकून. लोकांना वाटतं माझी ढबच तशी." हसले. दुखत होतं, तरी हसले. मग उशीत तोंड घालून म्हणाले, "हे या खोलीत राहू द्या, मामा. पोरांना कळलं तर डोक्यावरून चेंडू टाकून टाकून नाचवतील मला."

मी म्हटलं, माझ्या तोंडून नाही जायचं.

जाताना घरच्या तेलाची एक बाटली दिली त्यांना. वडिलांच्या पद्धतीने काढलेलं. अशा दोनच उरल्या होत्या.

९ एप्रिल, गुरुवार

टोळ दुसरी फेरीही जिंकला. संध्याकाळी त्याच्या पोटऱ्या चोळत होतो. मन भरून आलेलं होतं. बोललो.

म्हटलं, बघ, तुझं वय कोवळं, धडधाकट अंगाने खेळतोस, आणि तो माणूस बंद खांदा घेऊन उतरतो रोज, कोणाला कळू देत नाही. देवाला सांग त्याच्यासाठी.

टोळने मान वळवली. मग म्हणाला, "कुठपर्यंत जातो हात?"

मी तेलाचा हात तसाच उचलून दाखवला. कोपर वाकलेलं, तळवा कानाशी. एवढा. बस, एवढाच.

"अरे बापरे," म्हणाला. डोळे मिटून घेतले. मला वाटलं, सांगतोय देवाला.

कोणाला बोलू नकोस म्हटलं. "नाही बोलणार, मामा."

११ एप्रिल, शनिवार

अंतिम सामना टोळ विरुद्ध थोरले!

ऐकलं आणि गुरुवारचं माझं बोलणं आठवलं. ते दोघे समोरासमोर येतील हे तेव्हा कुठे माहीत होतं! थोरले तर पहिल्याच दिवशी जातील म्हणत होते सगळे.

शिट्टी खूश. "म्हातारा दमलाय. लोणी आहे उद्या, लोणी!"

टोळशी बोलावं का, असं दोनदा मनात आलं. जिभेवर आलं आणि गिळलं. काय सांगणार? माझ्या हाताखाली वाढलेलं पोर. त्याला हेही सांगावं लागत असेल तर मग मी इतकी वर्षं काय केलं?

१२ एप्रिल, रविवार

जिंकला.

लिहायला बसलोय पण हात चालत नाही.

पहिले काही गेम सरळ झाले. मग टोळने पहिला चेंडू उंच टाकला, थोरल्यांच्या डोक्यावरून. ते मागे मागे गेले, चेंडू टप्पा घेईपर्यंत थांबले, कसाबसा परत केला. लगेच दुसरा उंच. मग तिसरा. मग जवळजवळ प्रत्येक चेंडू. लोकांना आधी मजा वाटली. एका बाईचं पोर तर टाळ्या पिटून म्हणत होतं, "आजोबा मागे पळा!"

थोरले पळत होते. मधल्या विश्रांतीत त्यांनी टॉवेल तोंडावर घेतला, खाली केला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मला उठून जायचं होतं. बसूनच राहिलो.

तरी माणूस हरेना! दुसरा सेट घेतला त्यांनी. तिसऱ्यातही बरोबरीत होते. एकदा त्यांनीच टोळला उंच चेंडू टाकला. टोळ उडी मारून जोरात हाणायला गेला, चेंडू बाहेर गेला, आणि तो वेडावाकडा खाली आला. हात झटकला त्याने. त्यानंतर त्याचा खेळच पालटला. सर्व्हिस नुसती टाकायची म्हणून टाकायची, लाडात आल्यासारखी. चेंडू हळूच ढकलायचा. मला वाटलं, आता खेळवतोय त्यांना. मांजर खेळवतं तसं.

आणि शेवटचा गुण — नेटच्या पट्टीला लागून! पट्टीवरून घसरला आणि थोरल्यांच्या पायांपासून वीतभर पुढे पडला. खेळ संपला.

टोळने हात वर केला.

कोपर वाकलेलं. तळवा कानाशी. तिथेच अडकलेला. तोंड एका बाजूला वाकडं करून. मी त्याला गुरुवारी दाखवला होता तसाच, अगदी तसाच हात.

सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. माझ्या मागचा माणूस म्हणाला, "याला म्हणतात खिलाडूवृत्ती! जिंकल्यावर उड्या नाही मारल्या, आधी माफी मागितली." माइकवरच्या बाईनेही तेच सांगितलं. एवढ्या लोकांत त्या हाताचा अर्थ कळणारे तिघेच. ज्याने केला तो, ज्याला केला तो, आणि ज्याने शिकवला तो मी.

जिंकून नाचला असता तर चाललं असतं. रॅकेट आपटली असती, कपडे फाडले असते, मातीत लोळला असता! पण माफीच्या हातानेच वेडावून दाखवावं? देवापुढे जोडलेल्या हातांनी कोणाला चिमटा काढावा, तसं वाटलं.

खोलीवर आला तो सरळ पलंगावर. मी दारात उभा होतो. म्हणाला, "राहू द्या मामा, आज मालिश नको."

मी म्हटलं, मी करणारही नव्हतो.

१३ एप्रिल, सोमवार

पेपरात फोटो. डाव्या बगलेत कप धरलाय. वर मथळा — विजयातही नम्र.

धाकट्या बहिणीचा, टोळच्या आईचा, फोन आला. आवाज नुसता फुललेला. "दादा, पाहिलास फोटो? शेजारीपाजारी सगळे विचारतात, कोणी लावलं हे वळण? मी सांगितलं, आमच्या दादाने!"

मी हं म्हटलं. पुन्हा हं म्हटलं. फोन ठेवला.

निघताना हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाने बोलावलं. थोरले पहाटेच गेले होते. माझ्यासाठी तेलाची बाटली ठेवून गेले. न उघडलेली. चिठ्ठी नाही, निरोप नाही.

पिशवीत घातली. दिवसभर पिशवी जड लागत होती.

१५ एप्रिल, बुधवार

पुढच्या स्पर्धेच्या गावाला निघालो. बसमध्ये शिट्टी पुढे घोरत होता. टोळ खिडकीशी, मी शेजारी. विचारायचं नाही असं ठरवलं होतं. विचारलंच.

"सगळे चेंडू वरून का टाकलेस?"

"सामना होता, मामा."

"ते मी तुला विश्वासाने सांगितलं होतं."

खिडकीची काच सरकवली त्याने. मग म्हणाला, "सांगायला नको होतंत. एकदा कळल्यावर मी काय करू? विसरू? समोर दिसत होतं मला."

हे मला लागलं, कारण त्यात थोडं खरं आहे. पण उरलेल्याचं काय? म्हटलं, "बरं. खेळात मारलेस, मारलेस. आणि तो शेवटचा हात?"

"कुठला हात?"

बघा! कुठला हात म्हणे! पापणी लवली नाही पोराची.

"तुला माहीत आहे कुठला."

माझ्याकडे वळला. तोंड उघडलं. "तुम्हाला काही सांगायचं म्हणजे..." एवढं बोलून थांबला आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला. उतरेपर्यंत आमच्यामध्ये पाण्याची बाटली ठेवलेली होती, तीच काय ती आम्हा दोघांची.

१७ एप्रिल, शुक्रवार

ठरवलं. थोरल्यांना फोन करून माफी मागत नाही तोवर त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. त्याला तसं सांगितलं.

"बरं," म्हणाला. बरं! एवढंच! मला वाटलं होतं भांडेल. लहानपणी खाऊ बंद केला तरी घर डोक्यावर घ्यायचा.

पिशवी डाव्या खांद्याला अडकवून निघून गेला. तीही नवीन ऐट.

१८ एप्रिल, शनिवार

सकाळी प्रार्थनेला बसलो. शब्द येतात आणि तसेच गळून पडतात. राग तोंडात असला की देवाचं नाव मावत नाही.

इतकी वर्षं मी समजत होतो की मी त्याचं अंग जाणतो. कुठली शीर कुठे आखडते, कुठल्या बाजूला झोपला होता, घाबरलाय का, हे सगळं हात सांगायचे. त्याचं मनही त्याच अंगात असेल असं धरून चाललो. शाळेत मास्तर म्हणायचे, पाटीवर लिहिलं म्हणजे डोक्यात गेलं असं नाही. आज पटलं.

२१ एप्रिल, मंगळवार

आता हे नवीन सोंग! आज टोळ खालून सर्व्हिस करत होता. बॅडमिंटन खेळणाऱ्या पोरीसारखी, कमरेखालून, हळूच.

तशी नियमात बसते. पण कोणी करत नाही. केली तर समोरच्याला तुच्छ लेखतोय असं धरतात. एखादी केली तर लोक हसून सोडतात. याने दुसऱ्या सेटपासून सगळ्या तशाच! लोकांनी हुर्यो केली. "लाज वाटते का रे?" असं कोणीतरी ओरडलं. समोरच्या पोराने शेवटी नुसती बोटं लावून हात मिळवला, तोंड फिरवून.

शिट्टीला विचारलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, "युक्ती आहे मामा, युक्ती." पण माझ्याकडे बघून नाही बोलला.

हरला. आणि मला बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू? मनात आलं, देवाने बघितलं. तो एकटा चालत बाहेर आला, मी होतो तिथून हललो नाही.

२२ एप्रिल, बुधवार

बहिणीला फोन करून सांगितलं, मी परत येतोय. शनिवारची गाडी.

"काय झालं, दादा? भांडलात का? लहान आहे रे तो."

"लहान नाही. वीस वर्षांचा घोडा झालाय."

"तुझ्याशिवाय त्याचं कसं होईल?"

"होईल. नाव झालंय आता त्याचं. फोटो येतात." माझाच आवाज मला ओळखू येईना.

ती रडायला लागली. काय झालं ते मी सांगितलं नाही. आईला तरी तिचं पोर फोटोतलं राहू दे.

२४ एप्रिल, शुक्रवार

थोरले भेटले. तेही याच गावात खेळतायत. नळावर तोंड धूत होते. मागे फिरावं असं वाटलं, पण त्यांनी पाहिलं होतं.

सगळं बोलून टाकलं. म्हटलं, मी शब्द मोडला. तुमचं दुखणं मी त्याला सांगितलं. दया यावी म्हणून सांगितलं, पण सांगितलं.

ते टॉवेलने चेहरा पुसत राहिले. म्हणाले, "तुमचा राग आला होता, मामा. पोराचा नाही. त्याच्या वयात मला कळलं असतं तर मीही डोक्यावरूनच टाकले असते."

"आणि शेवटचा हात? ते वेडावणं?"

"वेडावणं?" टॉवेल खाली आला. "ती बाटली मी काय समजून ठेवून गेलो होतो? म्हटलं, आता तुम्हाला घरातच लागेल." माझ्याकडे बघत राहिले. "हात नाही लावलात अजून त्याला?"

नाही म्हटलं. तो माफी मागेपर्यंत नाही.

 डाव्या हाताने पिशवी उचलली आणि गेले. पिशवी डाव्या हाताने उचलतात ते.

सामान बांधून झालंय. ही वही तेवढी बाहेर आहे.

२५ एप्रिल, शनिवार

गाडी सोडली.

सकाळी टोळच्या खोलीत गेलो. विचारलं, बघू का? उठून बसला. देवाचं नाव घेतलं, उजव्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याचा हात हळूहळू वर नेला. कानापर्यंत आला. तिथे थांबला. तोंड एका बाजूला वाकडं झालं — तसंच.

"त्या सामन्यापासून?"

मान हलवली.

"मला का नाही रे सांगितलंस?"

"तुम्ही थोरल्यांचं मला सांगितलंत, मामा."